आमच्या ऑफिसची सूर्यफूल स्पर्धा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सभासदांसाठी ठेवलेल्या कार्यक्रमातील भाषण. बोलताना घाईत राहून गेलेले दोन-चार तपशील लिहिताना घातले आहेत.)



मागच्या महिन्यात याच जागेवरून बी विंगच्या डॉक्टरांनी मधुमेहावर बोलून आपल्या सगळ्यांची जिलबी बंद केली. आज माझा नंबर आहे. मी काही बंद करायला सांगणार नाही. सेक्रेटरीसाहेबांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, सूर्यफूल. ते म्हणाले, "गच्चीवरच्या बादल्यांबद्दल असेल तर ते मॅनेजिंग कमिटीत घेऊ." म्हटलं, बादल्यांबद्दल नाही, बादल्यांतल्या झाडांबद्दल आहे. बादल्या ओघाने येतील.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे की मी एका निमसरकारी कचेरीत लेखा विभागात होते. २०१७ च्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. दिवाळीनंतरचा पहिला आठवडा ऑफिसात कसा असतो ते नोकरी केलेल्यांना सांगायला नको. प्रत्येकाच्या डब्यातला उरलेला चिवडा फिरत असतो आणि काम कुणालाच सुचत नसतं. आमच्याकडच्या कॉम्प्युटरवरच्या मुलाने चहाच्या वेळी मोबाईलवर एक फोटो दाखवला. जर्मनीतल्या हान्स-पीटर शिफर नावाच्या गृहस्थांनी २०१४ साली वाढवलेलं सूर्यफूल, उंची ९.१७ मीटर. म्हणजे तीस फूट. तेव्हा तो जगातला विक्रम होता. आपल्याकडे खाली मांडलं असतं तर ए विंगच्या दुसऱ्या मजल्याच्या वर डोकं काढलं असतं. फोटो टेबलाटेबलावरून फिरत साहेबांपर्यंत गेला. साहेब म्हणाले, "तीस नको, सहा फूट करून दाखवा. लावा शर्यत."

झालं. अकरा नावं आली. प्रत्येकी पन्नास रुपये वर्गणी. बक्षीस काय, यावर मात्र चर्चा झाली नाही, कारण ड्रायव्हरने लगेच सुचवलं की सूर्यफूल तेलाचा पाच लिटरचा डबा. नोंदवही माझ्याकडे आली. मी लेखा विभागातली म्हणून तर खरंच, पण दुसरंही कारण होतं. आमच्याकडे आस्थापना विभागातल्या मॅडम आणि कॅशचे काका हे दोघे एकमेकांशी बोलत नसत, आणि दोघांचंही ज्यांच्याशी बरं होतं अशा माणसांत मी होते. त्यांच्याकडे मी पुढे येते.

आता बी कुठून आणायचं? नर्सरीतलं पाकीट आणू, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. पण आमचे शिपाई, ज्यांना साहेबांपासून सगळे मामा म्हणत, ते म्हणाले, "पाकिटं कशाला? बी मी आणतो." मामा धाराशिवकडचे, तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा. एकेकाळी त्यांच्या रानात दोन-तीन एकर सूर्यफूल असायचं. आता भाऊ बांधाकडेला चार ओळी लावतो, तेवढंच. आठवड्याभरात एसटीने पिशवी आली. काळपट, पांढऱ्या रेघांचे दाणे. प्रत्येकाला मोजून पाच.

दाणे वाटता वाटताच मामांनी पहिला वाद काढला. म्हणाले, "हे बी घरचं हाय. कुठल्या साली कुठल्या बियाचं काय मिसळलंय, आम्हालाबी ठाव नाही. ह्यातलं एखादं झाड कमरेएवढं राहील, एखादं डोक्याच्या वर जाईल. उंचीवर बक्षीस दिलं तर ती लॉटरी झाली. शर्यत कसली?"

साहेबांनी विचारलं, मग मोजायचं काय?

"दाणा किती भरला ते मोजा. फूल दिसायला ताटाएवढं असतंय, हातात घेऊन चोळलं की नुसतं पोचट. आमी ते भोगलंय."

यावर चांगला अर्धा तास गेला. कॉम्प्युटरवरच्या मुलाचं म्हणणं की स्पर्धेची मजाच उंचीत आहे, रोज फोटो काढता येतो. कॅशचे काका म्हणाले की वजन हे मोजता येतं, फोटो हा मोजता येत नाही. मॅडमनी मान हलवली नाही, पण त्यांच्या विरोधातही बोलल्या नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. शेवटी ठरलं असं: प्रत्येकाने आपलं सगळ्यात चांगलं एक फूल आणायचं, त्यातले भरलेले दाणे वेगळे काढायचे, आणि आवक-जावकच्या टपालाच्या काट्यावर तोलायचे. उंचीची नोंद ठेवायची, पण गुण नाहीत. हा नियम मला फार आवडला. आपल्याकडे सगळीकडे उंचीच मोजतात, असं माझं मत झालेलं आहे.

५ नोव्हेंबरच्या रविवारी सगळ्यांनी पेरणी केली. मी रंगाच्या वीस लिटरच्या तीन रिकाम्या बादल्या आणल्या, बुडाला भोकं पाडली, पोयट्याची माती आणि शेणखत घातलं. सूर्यफुलाचं सोटमूळ खोल जातं, त्यामुळे पसरट कुंडी उपयोगाची नाही, आणि रोप एकीकडे वाढवून दुसरीकडे लावलं तर ते रुसतं. थेट बादलीतच पेरायचं. माझी गॅलरी उत्तरेची, ऊन नाही. म्हणून गच्चीसाठी अर्ज केला. त्या वेळचे सेक्रेटरी समोरच बसलेत, त्यांनी मला पाच अटींचं पत्र दिलं होतं. बादलीखाली विटा, विटांखाली पत्रा, पाणी ओघळता कामा नये, वॉटरप्रूफिंगला धक्का लागला तर खर्च सभासदाचा, आणि पाचवी अट, "फुले आल्यास ती सोसायटीच्या सर्व सभासदांना पाहण्यास खुली राहतील." पत्र मी जपून ठेवलंय.

या पाचव्या अटीने पुढे गंमत केली. अर्ज मंजूर केला ए विंगच्या लोकांनी, बादल्या ठेवल्या ए विंगच्या गच्चीवर, आणि जानेवारीत फुलं उमलली तेव्हा तिन्ही फुलांनी तोंड केलं बी विंगकडे. ए विंगच्या वाट्याला तिन्ही पाठी. मला दोघी-तिघींनी विचारलंसुद्धा की बादल्या फिरवता येणार नाहीत का.

फिरवता येतात, पण उपयोग होत नाही. आपण लहानपणापासून ऐकतो की सूर्यफूल दिवसभर सूर्याकडे तोंड फिरवतं. ते अर्धं खरं आहे. झाड लहान असताना, कळी असताना फिरतं. दिवसा खोडाची पूर्वेकडची बाजू जास्त वाढते, म्हणून शेंडा पश्चिमेकडे कलतो. रात्री पश्चिमेची बाजू वाढते आणि पहाटेपर्यंत शेंडा परत पूर्वेला येऊन सूर्याची वाट बघत थांबतो. फूल पूर्ण उमललं, खोडाची वाढ थांबली, की हे फिरणं संपलं. मग ते कायमचं पूर्वेकडे बघत राहतं. आपल्या ए विंगच्या पूर्वेला बी विंग आहे, त्याला मी काय करणार? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१६ साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी काही कुंड्या मुद्दाम वळवून ठेवल्या. पूर्वेकडे तोंड असलेलं फूल सकाळी लवकर तापतं, आणि त्यावर मधमाश्या पाचपट येतात, असं त्यांना दिसलं. वाढीच्या काळात रोज कुंडी उलटी फिरवली तर झाडाची वाढही खुंटते. म्हणून सी विंगमधल्या ज्या मुलांनी डिसेंबरात माझ्या बादल्या गोल फिरवून बघितल्या, त्यांना मी रागावले होते. ती मुलं आता कॉलेजात आहेत. त्यांच्यातल्याच एकाने नंतर फुलातल्या दाण्यांच्या वळणदार रांगा मोजल्या, एका दिशेला ३४ आणि उलट दिशेला ५५, आणि ही फिबोनाचीची संख्या आहे असं मला शिकवलं. त्या संख्या आपल्याकडे हेमचंद्रांनी छंदशास्त्रात त्याच्याही आधी मांडल्या होत्या, हे मी त्याला सांगितलं. फिटंफाट झाली.

तर ऑफिस. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नोंदवहीत अकरापैकी नऊ जणांची रोपं उभी होती. दोघांची गेली. मॅडमची पाचही रोपं कबुतरांनी दोन पानांवर असतानाच खुडली. आणि काकांचं एकही बी उगवलं नाही. बादलीला खालून भोकच नव्हतं, दाणे कुजले. दोघांनी मामांकडून उरलेले दाणे मागून घेतले आणि २६ नोव्हेंबरला पुन्हा पेरले. म्हणजे बाकीच्यांपेक्षा तीन आठवडे मागे. तेव्हा आम्ही त्यांची थट्टा केली. या तीन आठवड्यांत काय दडलंय ते मामांशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फुलं यायला लागली. कॉम्प्युटरवरच्या मुलाचं झाड सात फूट दोन इंच झालं. त्याने सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत एकच झाड ठेवलं होतं. रोज फोटो. फूल खरंच ताटाएवढं. मामांनी फोटो पाहिला आणि विचारलं, "जवळपास दुसरं झाड हाय का? माशी येती का?" तो म्हणाला, दोन्ही नाही. मामा काही बोलले नाहीत. चहाचे कप उचलून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला शिकवणी घेतली. भाऊ बांधावरून फूल तोडून पाठवणार होता, पण आमच्या ड्रायव्हरचं घर गावाबाहेर, त्यानेच एक फूल आणलं. मामांनी ते टेबलावर ठेवून दाखवलं. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते एक नसतंच. बाहेरच्या पिवळ्या पाकळ्या ही नुसती सजावट, त्यांना दाणा धरत नाही. मधल्या चकतीत शेकडो बारीक फुलं असतात. ती कडेकडून आत, वर्तुळावर्तुळाने उमलत जातात. रोज एक-दोन, कधी चार वर्तुळं. सगळं फूल आठवडा-दहा दिवसांत आटोपतं. प्रत्येक बारीक फूल पहिल्या दिवशी परागकण बाहेर टाकतं आणि दुसऱ्या दिवशी त्याचं तोंड उघडतं, परागकण घ्यायला. अडचण अशी की घरच्या बियाच्या जुन्या वाणांत ते स्वतःच्या झाडाचा पराग बहुतेक स्वीकारतच नाही. दुसऱ्या झाडाचा लागतो. तो आणते मधमाशी. माशी नसेल तर माणसाने आणायचा. आणला नाही, तर दाण्याचं टरफल तयार होतं, आत काही नाही. बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही.

कृषी विद्यापीठं शेतकऱ्यांना हेच सांगतात. हाताला तलम फडकं गुंडाळायचं आणि सकाळी एका फुलावरून दुसऱ्या फुलावर हळू फिरवायचं. एक दिवसाआड. वेळ सकाळी आठ ते अकरा.

ही वेळ ऐकल्यावर ऑफिसात जे झालं ते सांगायलाच हवं. आमची हजेरी अंगठ्याची. दहा दहानंतर अंगठा लावला की लेट मार्क, तीन लेट मार्कांना एक रजा. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या विभागात जेवढे लेट मार्क पडले तेवढे अख्ख्या पावसाळ्यात पडले नव्हते. साहेबांनी एकाला कारण विचारलं. तो म्हणाला, "साहेब, परागीभवन." साहेबांचं स्वतःचं झाड फुलात होतं म्हणून निभावलं.

माझं म्हणाल तर माझी तीन झाडं शेजारीशेजारी होती, त्यामुळे फडकं फिरवणं सोपं. माश्या मात्र फार आल्या नाहीत. त्या आधीच्या पावसाळ्यात टाकीखालचं मोहोळ काढायचं की ठेवायचं यावर आपली सभा दीड तास चालली होती, तुम्हाला आठवत असेल. काढायचं ठरलं. आग्या माश्या होत्या, लहान मुलं खेळतात, निर्णय मला चुकीचा वाटत नाही. पण आपल्या पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था १९६२ पासून आहे. पुढच्या वेळी जाळणाऱ्याला बोलावण्याआधी माहितगार माणसाला विचारावं, एवढं मी आज बोलून घेते. मिनिट्समध्ये घ्यायची गरज नाही.

आता मॅडम आणि काका.

हे दोघे नऊ वर्षं बोलत नव्हते. कारण बदलीची यादी. काकांची बदली विदर्भात झाली, दोन वर्षं ते तिकडे होते, आणि त्याच काळात इथे त्यांची आई गेली. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. यादीचं पत्र मॅडमनी टाईप केलेलं, खाली त्यांची आद्याक्षरं. काकांच्या मनात बसलं की नाव त्यांनी घातलं. मॅडम म्हणायच्या, यादी वरून येते, मी फक्त टाईप करते. हे त्या आम्हाला म्हणायच्या, काकांना कधी म्हणाल्या नाहीत, कारण काकांनी विचारलंच नाही. काका परत आले ते कॅशमध्ये बसले. दोघांची टेबलं एकाच हॉलमध्ये, मध्ये तीन कपाटं. त्यांच्यातला सगळा व्यवहार फाईलवर शेरा लिहून, आणि फाईल मामांच्या हातून. पंधरा पावलांचं अंतर नऊ वर्षं मामा चालत होते.

जानेवारी संपत आला. आम्हा नऊ जणांची फुलं खाली माना घालून दाणे भरत होती, पिवळ्या पाकळ्या गळून गेल्या होत्या. प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीत मॅडमचं फूल उमललं. सोमवारी त्या खुशीत सांगत आल्या. कबुतरांना भिऊन त्यांनी एकच रोप ठेवलं होतं, जाळीत. मामांनी विचारलं, दुसरं झाड? नाही. मग मामा कॅशच्या खिडकीशी गेले. काकांचंही फूल त्याच शनिवारी उमललं होतं. त्यांच्याकडेही एकच, बाकीची मर लागून गेलेली. सगळ्या ऑफिसात त्या आठवड्यात परागकण असलेली झाडं दोनच होती, आणि ती या दोघांच्या घरी होती.

मामांनी कुणालाही उपदेश केला नाही. कॅशच्या खिडकीत एक कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, "काका, उद्या सकाळी फुलाखाली हा धरा आणि वरून टिचक्या मारा. जे पडंल ते पुडी बांधून आणा." तसाच कागद आस्थापनेच्या टेबलावर. दुसऱ्या दिवशी दोन पुड्या आल्या, देवाच्या अंगाऱ्याच्या असतात तशा. आत चिमूटभर पिवळी पूड. मामांनी फाईलबरोबर पुड्यांची अदलाबदल केली. रात्री फ्रीजमध्ये, सकाळी फडक्याने फुलावर. असं तीन दिवस चाललं. नोंदवहीत मी "पराग: देवघेव" असा रकाना काढला, कारण नियमात हे बसतं का, असं कॉम्प्युटरवरच्या मुलाने विचारलं होतं. नियमात याला बंदी नव्हती.

चौथ्या दिवशी मामा रजेवर. गावाकडून फोन आला होता म्हणाले. त्यांची रजा मंजूर करणाऱ्या मॅडमच, म्हणजे त्यांना आदल्या दिवशीच माहीत होतं की उद्या पुडी न्यायला कुणी नाही. मामांची रजा कितपत खरी होती हे माझ्या नोंदवहीत नाही. ते रजेच्या रजिस्टरात असेल, आणि ते मॅडमकडे.

अकराच्या सुमाराला मॅडम उठल्या. कपाटांना वळसा घालून कॅशच्या खिडकीशी गेल्या. पुडी आत सरकवली. हॉलमधले सगळे पंखे ऐकू येत होते. मॅडम म्हणाल्या, "आतली किती वर्तुळं राहिलीत तुमची?"

काका म्हणाले, "चार. तुमची?"

"पाच-सहा असतील. सोमवारपर्यंत आणत जा."

एवढंच. नऊ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य वर्तुळांबद्दल होतं. आम्ही सगळे मान खाली घालून व्हाउचरं तपासत होतो, म्हणजे तपासल्यासारखं करत होतो. त्यानंतर सोमवारपर्यंत पुड्या थेट गेल्या. मामा शनिवारी परत आले, पण पुड्या काही त्यांच्याकडे परत आल्या नाहीत.

मोजणी झाली मार्चच्या मध्यावर. मार्चएंड डोक्यावर, ट्रेझरीची बिलं पडलेली, आणि आम्ही पॅसेजमध्ये वर्तमानपत्रं अंथरून फुलं चोळतोय. माझ्या एका फुलावर पोपटांनी शेवटच्या आठवड्यात हात मारला होता, जुनी ओढणी बांधली म्हणून दुसरं वाचलं. मामांनी घरून सूप आणलं होतं. आधी पाखडलं, मग टेबलफॅन लावून वरून दाणे सोडले. भरलेला दाणा सरळ खाली पडतो, फोल उडून लांब जातं. अर्धा पॅसेज फोलकटांनी भरला.

कॉम्प्युटरवरच्या मुलाचं सात फूट दोन इंची झाड: सहा ग्रॅम. फोलकटांचा ढीग मात्र त्याचा सगळ्यात मोठा. त्याने तेवढ्या फोलकटाचाही फोटो काढला, बिचारा. माझे सत्तावीस ग्रॅम. ड्रायव्हरचे एकोणचाळीस, त्याच्याकडे माश्या येत होत्या. साहेबांचे बावीस. काकांचे पंचेचाळीस. मॅडमचे अठ्ठेचाळीस.

टाळ्या झाल्या. काका काट्याकडे बघत होते. मग मॅडमकडे बघून म्हणाले, "माझ्या परागावर जिंकलात."

मॅडम म्हणाल्या, "मग तुमचे पंचेचाळीस कुणाच्या परागावर?"

दोघे त्यानंतर मित्र झाले असं मी सांगणार नाही. तसं झालं नाही. यादीचा विषय निघाला की नाही, मला माहीत नाही. निघाला असला तरी आमच्यासमोर नाही. पण फाईलवरचे शेरे कमी झाले. मॅडम उठून खिडकीशी जायच्या, किंवा काका कपाटांच्या अलीकडे येऊन विचारायचे. मी निवृत्त होईपर्यंत तसंच चालू होतं.

अकरा जणांचं सगळं मिळून दोनशे चाळीस ग्रॅम भरलं. मामांनी हिशेब केला. दाण्यात साधारण चाळीस टक्के तेल, घाण्यावर त्याहून कमी निघतं, म्हणजे ऐंशी-नव्वद ग्रॅम. "अकरा माणसं, चार महिने, आणि कढई नुसती ओली होईल." सगळे हसले. मामा हसले नाहीत. बक्षिसाचा डबा टेबलावर होता. त्याच्याकडे बघून त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सविस्तर सांगितलं.

सूर्यफूल मूळचं उत्तर अमेरिकेतलं, तिथल्या मूळ रहिवाशांनी चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लागवडीत आणलेलं. युरोपात ते बागेतलं फूल म्हणून गेलं, तेलाचं पीक झालं रशियात. आपल्या देशात तेलबी म्हणून १९६९ साली तेव्हाच्या सोव्हिएत रशियातून वाण आले. ही माहिती माझी, वाचलेली. मामांच्या वडिलांना एवढंच माहीत होतं की हे रशियाचं बी आहे. करडई पिकवणारा भाग तो. सूर्यफूल नव्वद दिवसांत येतं, कमी पाण्यात येतं, म्हणून लोकांनी घेतलं. मामांच्या लहानपणी सगळं रान पिवळं असायचं. मग एका वर्षी फुलं मोठी, पण माश्या नाहीत. आडत्याने ओंजळ भरून घेतली, फुंकर मारली, अर्धी ओंजळ उडून गेली. त्याने भाव निम्मा सांगितला. वडील गाडी भरून आणलेला माल घेऊन परत आले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, वर पोपट. त्यानंतर खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा. त्यांच्या एकट्याचं नाही. २००५ च्या सुमाराला देशात वीस लाख हेक्टरांहून जास्त सूर्यफूल होतं, आता ते दोन-चार लाखांच्या घरात आलंय. तेल मात्र आपण सगळे तेच खातो. मग ते येतं कुठून? बाहेरून. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि आपल्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे डब्याचा भाव कसा चढला, ते तुम्हाला आठवत असेल. मला त्या दिवशी मामा आठवले.

मामा ३१ मार्चला निवृत्त झाले. निरोपाला शाल, श्रीफळ, घड्याळ, जे असतं ते. मॅडम आणि काकांनी आपापल्या दाण्यांची एकेक पुडी दिली, मामांनीच शिकवली तशी बांधलेली. मामांनी ते दाणे बांधाकडेला भावाच्या ओळींत मिसळून पेरले. दर वर्षी दिवाळीनंतर एसटीने माझ्याकडे पिशवी येते. पिशवीवर पत्ता आपल्या सोसायटीचा, वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवलेली असते, तुम्ही पाहिली असेल.

यंदाची पिशवी इथे माझ्या टेबलावर आहे. कार्यक्रम संपला की ज्यांना हवेत त्यांनी पाच-पाच दाणे घ्यावेत. वीस लिटरची बादली घ्या आणि खालून भोकं पाडायला विसरू नका. घरात एकच झाड लावणार असाल, तर शेजारच्या फ्लॅटलाही पाच दाणे द्या आणि पेरणी एकाच रविवारी करा. तीन आठवड्यांचा फरक पडला तर पुडी बांधायला कुणी सापडणार नाही. गच्चीसाठी अर्ज करावा लागेल, पाच अटी अजून तशाच आहेत. आणि ए विंगने फुलांच्या तोंडावरून माझ्याकडे तक्रार करू नये, बी विंगच्या गॅलरीत जाऊन बघावं. चहा मिळेल, मी विचारून ठेवलंय.